मैनेच्या तोंडून

सन सत्त्याण्णव. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा, आणि माझे शेजारी निवृत्तीभाऊ आपल्या बायकोशी मांजरामार्फत बोलत.

थट्टा नाही. मखमलाबाद रस्त्याला माझ्या झेंडूच्या मळ्याला लागून त्यांचं घर. भाऊ एसटीतले रिटायर कंडक्टर. ताटावर दोनदा टिचकी मारून “डबल बेल, चलो!” म्हणायचे, मगच पहिला घास. नवराबायकोचा अबोला मी ओळखतो तेव्हापासूनचा. कारण विचारलं की भाऊ म्हणायचे, “तिला माहीत हाय.” मथुरावहिनी म्हणायच्या, “त्यांनाच विचारा.”

मांजर त्यांच्या पुण्याच्या मुलीनं आणून दिलेलं. सयामी जात. अंग सायीसारखं, तोंड, कान, शेपूट काळं, डोळे निळे अन् जरा तिरळे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, चुलीत तोंड घालून आलंय. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर मनगटभर ओरखडे. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण जनावर मला कळतं. त्या दिवशी फडकं जास्त ओलं होतं, एवढंच.

नाव मैना. आपली मांजरं पोटासाठी ओरडतात, ही बोलायची. आवाज तान्ह्या पोरासारखा. तुम्ही एक बोललात की ती दोन. दोघांच्या मधे बसून, ज्याची पाळी त्याच्याकडे मान वळवायची.

“मैने, इचार त्यांना, भाकरी टाकू का?”

“म्यॅऽऽव.”

“सांग तिला, दोन टाक. अन् कालच्याला मिरची लय झाली.”

“म्याऽऽव!”

“बघा, मैना पण म्हणते, खाणाऱ्याला चव नाय.”

“ती असं नाय म्हणली! मैने, सांग तिला, पदरचं घालू नको!”

मी वहिनींशी जरा जास्त बोललो की मैना मधे येऊन कोकलायची. तिच्या घरात दुसऱ्याची मध्यस्थी तिला खपत नसे.

त्या थंडीत मैनेची छाती भरली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ येऊन माझ्या बांधावर बसले.

“मैनेची काळजी लागली का?” मी विचारलं.

“नाय. बरी हाय. डॉक्टरला पण बोलून राहिली.”

“मग?”

“हिची प्रेशरची गोळी. रोज सकाळी मैना आठवण करून देती.”

“मैना?”

“म्हणजे... मी मैनेला सांगतो, ही ऐकती. आता घरात कुणी बोलतच नाय. हिनं घेतली का नाय, कळायला मार्ग नाय. आज चक्कर आल्यागत भिंतीला धरून बसली होती.”

“अहो, तोंड हाय ना तुम्हाला? बोला की सरळ!”

“एवढ्या वर्षांनी? काय म्हणून सुरुवात करू?”

आयुष्यभर गर्दीवर खेकसलेला माणूस, पण हे वाक्य मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी ताडकन सांगितलं, “मला मधे घेऊ नका. मी कुणाचे निरोप सांगत नसतो.”

“मी कुठं म्हणलो?” धोतर झटकून भाऊ घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांच्या पाट्या बाजाराला लावून दिल्या, हातपाय धुतले, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दोघांच्या बरोबर मधे जाऊन मांडी घातली.

“वहिनी,” मी म्हणालो, “भाऊ विचारतायत, गोळी घेतली का?”