बिनपट्ट्याचं इंजिन

"रोज सकाळी काय हा धडधडाट," सासरे खुर्चीत बसता बसता पुटपुटले. सुनेनं ते ऐकलं, आणि ते कौतुकानंच म्हणाले असणार, असं ठरवून टाकलं.

जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरांचं इंजिन मरत नाही, हे शेतीवाल्या घरांत सर्वमान्य आहे. ट्रक मरतो, ट्रक बनवणारी कंपनी मरते. इंजिन एखाद्या शेतात धडधडत असतं. या घरचं इंजिन सासऱ्यांनी ट्रकमधून उतरवून विहिरीवरच्या शेडमध्ये ओट्यावर बसवलं, पट्ट्यानं पंपाला जोडलं. तेव्हापासून ते एकदाही आजारी पडलेलं नाही. (पिस्टन, रिंगा, रेडिएटर आणि दोन मिस्त्री बदलावे लागले. त्याला आजारपण म्हणत नाहीत.)

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून आल्यावर त्यांना फावडं उचलणं, बादली ओढणं आणि मत देणं, या तिन्ही कष्टांतून मुक्त करण्यात आलं. त्याच ओघात इंजिनाच्याही वयाचा विचार झाला. या वयात ओझं नको, असा ठराव सुनेनं मांडला. नवऱ्यानं नेहमीप्रमाणे अनुमोदन दिलं. पट्टा काढून खुंटीला टांगला, भिंतीमागे उशीएवढा विजेचा पंप बसवला. बाबांना मात्र कळू द्यायचं नाही, खचतील.

म्हणून रोजची पद्धत अशी: नवरा डिझेल ओततो, इंजिन धडाडतं, धुराचं निमित्त करून सून खोकते आणि खोकत खोकत भिंतीमागे जाऊन बटण दाबते. पाणी येतं. "बघा बाबा, अजून कसं ओढतंय!" पाणी काढायला वीज आणि न काढायला डिझेल, अशी ही दुहेरी व्यवस्था निव्वळ मायेपोटी चालू होती, आणि सुनेला तिचा सार्थ अभिमान होता. (खोकला तर इतका अस्सल साधला होता, की शेजारणीनं औषध आणून दिलं.)

त्या सकाळी टोमॅटोची नवी रोपं पाण्याची वाट बघत होती. ऊन चढलं की माना टाकणार. इंजिन धडाडलं. सून खोकली. पाणी आलं नाही. ती पुन्हा, जरा आग्रहानं खोकली.

"पाइपात हवा अडकली असेल," नवरा म्हणाला.

"नाहीतर दमलं असेल हो. वय झालंय ना इंजिनाचं," सून म्हणाली.

"वीज गेलीय," सासरे म्हणाले.

इंजिन तेवढं धडधडत राहिलं. त्याला कुणी विश्वासात घेतलंच नव्हतं.

सासरे खुर्चीतून उठले आणि खुंटीवरचा पट्टा काढला.

"बाबा, उचलू नका!"

"आधी ते बंद कर. चालत्या चाकावर पट्टा चढवू का?"

पट्टा चढला. इंजिन पुन्हा सुरू झालं, आवाज खाली बसला, आणि पाणी धावत रोपांकडे निघालं.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?" सुनेनं हळूच विचारलं.

"पहिल्याच दिवशी. ओढायला काही नसलं की इंजिन उगाच मोठ्यानं बोलतं. पण तुमचा उत्साह बघून म्हटलं, असू दे." त्यांनी फडक्याला हात पुसले. "याचा पट्टा कधी काढलात ते मला ठाऊक आहे, सूनबाई. माझा कधी काढलात, तेवढं सांग."

सून खोकली.

(इथवर वाचून ज्यांना आपल्या घरातली एखादी खुर्ची आठवली, त्यांनीही खोकायला हरकत नाही.)