छत्तीस माणसं, तीन खेपा

दगाभाऊ बाविस्करांनी सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत खडूने नाव काढली आणि सहलीला येणाऱ्या छत्तीस माणसांना बारा-बाराच्या तीन खेपांत तिच्यात बसवून उतरवलं. खरं पाणी तिथून कितीतरी कोस लांब होतं. तरी दगाभाऊ खडूच्या रेघेबाहेर उभे राहून ओरडत होते, "ओ भाऊ, पाय आत घे! बुडशी ना!"

वजनदार माणसं मधोमध, हा त्यांचा नियम. समोरच्या पाटीलवहिनींना मध्ये बसायला सांगितलं तेव्हा त्या उठून थेट घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दगाभाऊ दाराशी जाऊन म्हणाले, "वहिनी, मधली जागा मानाची असते." वहिनी परत आल्या. मग त्या मानाच्या जागेसाठी आणखी तिघी भांडायला लागल्या.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नवागामच्या मराठी शाळेत शिकवत होतो. दगाभाऊ माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहत आणि पर्वत पाटियाकडच्या एका लूमखात्यात जॉबर होते; म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. नाव दगा, पण वेळेच्या बाबतीत या माणसाने कधी कुणाला दगा दिला नाही.

रविवारी लूमखात्याची दिवसपाळी बंद असे. माणसं त्या दिवशी मेल्यासारखी झोपत. वर्षातला एक रविवार मात्र दगाभाऊ त्यांना झोपू देत नसत. संक्रांत झाली की ते सगळ्यांना उकाईच्या धरणापलीकडच्या एका डोंगरावर पाठवायचे. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेत आखलेला असे. उधन्याहून पॅसेंजर. स्टेशनापासून पाण्यापर्यंत एकच जीप, तीन फेऱ्या. पाण्यावर एकच नाव, तीन खेपा. मग पायी डोंगर. पहिली तुकडी नावेत बसत असताना दुसरी जीपमध्ये, आणि तिसरी स्टेशनावर चहा पीत. प्रत्येकाच्या खांद्याला लाल, पिवळी नाहीतर हिरवी चिंधी टाचलेली.

"गुरुजी, जीप काय, नाव काय, दोन्ही मागावरचे धोटेच, इकडून तिकडे धावणारे," ते मला समजावायचे. "धोटा गेला की परत आला पाहिजे. आणि रिकामा आला तर फेरी वाया."

हेच त्यांनी जीपवाल्यालाही समजावलं. त्यामुळे त्या वर्षी घोळ झाला. लाल तुकडी सोडून जीप परत आली ती पाऊण तास उशिरा, आणि आत दोन म्हाताऱ्या, लग्नाचा बॅन्ड आणि एक बोकड. दगाभाऊंनी डोक्याला हात लावला. जीपवाला निरागसपणे म्हणाला, "तमे ज कह्युं हतुं ने, खाली नहीं आववानुं!" रिकामं यायचं नाही, हे त्याने मनावर घेतलं होतं.

बॅन्डवाले उतरेपर्यंत दगाभाऊंनी पुठ्ठ्यावरच्या सगळ्या वेळा खोडून नव्या घातल्या. त्यांना धास्ती परतीची होती. आमच्यातल्या आठ जणांची रात्री आठला पाळी होती. खाडा पडला तर शेठ मागावर दुसरा माणूस उभा करायचा, आणि मग तो माग परत मिळत नसे. साडेपाचची पॅसेंजर चुकवून चालणार नव्हतं.

हिरव्या तुकडीचा पुढारी मी होतो. शेवटच्या खेपेत आम्ही नावेत चढलो. दगाभाऊ काठावरच राहिले. मी म्हटलं, "चला की तुम्हीही."

"काठावर माणूस पाहिजे," ते म्हणाले. दरवर्षी ते हेच म्हणत.

डोंगरावर भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. पाटीलवहिनी सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचल्या आणि तिथून खाली राहिलेल्यांना नावं घेऊन हाका मारत बसल्या. उतरताना मात्र माझा पाय दगडावरून घसरला आणि घोटा असा मुरगळला की टेकवेना. लाल गेली, पिवळी गेली. माझ्यासाठी हिरवी खोळंबली असती तर तिच्यातल्या पाळीवाल्यांची गाडी गेली असती. "तुम्ही व्हा पुढे, दगाभाऊंना सांगा," म्हणून मी त्यांना पाठवलं आणि बसत-सरकत काठावर आलो.

बऱ्याच वेळाने नाव परत आली. पुढच्या फळीवर दगाभाऊ होते. दोन्ही हातांनी कड घट्ट धरलेली.

"तुम्ही? आणि गाडी?"

"गाडी गेली. पस्तीस जण बसले, मोजून बसवले. आपण एसटीने जाऊ."

नावाड्याने आणि त्यांनी मला उचलून नावेत घेतलं. निम्मं पाणी तोडल्यावर दगाभाऊ एकाएकी नावाड्याला म्हणाले, "भाई, मशीन बंद करो ने."

मशीन बंद झालं. ते पाण्याला घाबरले असतील असं मला वाटलं. ते समोरच्या डोंगराकडे बघत होते.

"आठे मन्हं घर व्हतं," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मी विचारलं, "इथे? खाली?"

"आमच्या ओट्यावर बसलं की तो सुळका बरोबर त्या खिंडीत दिसायचा. आता बघा. खिंडीतच आहे." मग म्हणाले, "धरण भरलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पोरपणी रोज जायचो त्या डोंगरावर, गुरं घेऊन. चांगला डोंगर आहे. लोकांनी बघावा असं वाटतं. पण ह्या पाण्यावरून जायची माझी छाती होत नव्हती. आज तुम्ही अडकले, म्हणून."

मी विचारलं, "घरात कोण कोण होतं?"

"मी आणि आई. तिला सुरतेला घेऊन आलो. नऊ वर्षं जगली. रोज निजताना विचारायची, दगा, दाराला कडी लावली का रे? सुरतेच्या नाही, ह्या दाराला. मी म्हणायचो, लावली."

नाव हळूहळू वाऱ्याने फिरत होती. सुळका खिंडीतून बाजूला सरकायला लागला होता.

"लावली नव्हती, गुरुजी. ट्रक उभा होता, घाई चालली होती. राहून गेली."

नावाडी मशीनच्या दोरीवर हात ठेवून बसला होता. दगाभाऊंनी सांगेपर्यंत त्याने ती ओढली नाही.