पेसामिनो दुसऱ्यांदा ऑकलंडला येतो

लांगीनं बोलावलेला माणूस कधी परत गेला नाही, असं ऑकलंडच्या मांगेरे भागातली सगळी सामोअन मंडळी म्हणत. कुणी म्हणत नसेल तेव्हा लांगी स्वतः म्हणे. ती विमानतळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, त्यामुळे विमानं आपल्याला विचारूनच उतरतात अशी तिची पक्की समजूत होती. दोन बहिणी, एक दीर, नवऱ्याचा मावसभाऊ आणि त्या मावसभावाची सासूसुद्धा तिनं आणली, नोकरीला चिकटवली आणि चर्चच्या गाण्यात उभी केली. म्हणून सामोआतल्या सवाई बेटावरच्या चुलतभावाच्या मुलाचं नाव न्यूझीलंडला कायमचं राहण्याच्या सोडतीत निघालं, तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "झालंच समज. पोराला विमानात बसव."

सोडतीत नाव निघालं तरी नोकरी पक्की झाल्याशिवाय काही खरं नसतं. लांगीनं तेही जमवलं. तिच्या वडलांनी ज्या लाकडाच्या वखारीत जन्म काढला, तिथल्या मालकाला गाठून तिनं मुलाखत ठरवली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. पोराचं नावही त्यांचंच ठेवलेलं, पेसामिनो.

फोनवर ती त्याच्याशी बऱ्याचदा बोलली होती, पण गावात रेंज अशी की पडद्यावर कधी कपाळ दिसे, कधी नारळाचं झाड. त्यामुळे विमानतळाच्या दारातून तो बाहेर आला, तेव्हा लांगीच्या हातातली फुलांची माळ हातातच राहिली. डावा खांदा किंचित खाली, जणू कुणाला न दिसणारी पिशवी लटकवली आहे. पावलं जरा आत वळलेली. तिचे वडील चोविसाव्या वर्षी याच दारातून बाहेर आले असतील, तर असेच आले असतील.

रक्ताचं नातं आहे, लकब यायचीच, असं तिनं स्वतःला समजावलं. घरापर्यंत ते पुरलं. घरी पोचल्यावर पेसामिनो पुढच्या दाराकडे वळलाच नाही. बाजूच्या वाटेनं थेट मागच्या दाराशी गेला, कडी वर उचलली आणि दाराला खालून गुडघा दिला. ते दार असंच उघडतं. लांगीच्या नवऱ्याला, फिलिपोला, हे शिकायला लग्नानंतर एक हिवाळा लागला होता.

आत लांगीची आई, माकेरिता, टेबलाशी तारो, म्हणजे अळूसारखे कंद, सोलत बसली होती. म्हातारीला अलीकडे दिसायचं कमी आणि ऐकू यायचं सोयीनं. पेसामिनो कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत बसला. लांगीचे वडील गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसत नसे. माकेरितानं मान वर करून त्याला बराच वेळ न्याहाळलं, मग कोकोचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"उशीर झाला हो तुम्हाला," ती म्हणाली.

लांगीच्या अंगावर काटा आला. आईनं 'अरे' म्हणायचं, 'बाळा' म्हणायचं. आपल्या नातवाएवढ्या पोराला 'अहो'? पेसामिनोही खाली मान घालून नुसता म्हणाला, "हो, झाला खरा." मागाहून लांगीनं त्याला बाजूला घेऊन झापलं, तेव्हा तो म्हणाला की वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही, असं घरून बजावून पाठवलंय. त्यातून विमान खरंच उशिरा आलं होतं.

मग म्हातारीनं सपाटाच लावला. अहो, पन्हाळी गळतेय. अहो, तारोचा वाफा खणायचा राहिलाय. अहो, कुंपण कधी बांधणार? पेसामिनो प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायचा आणि उठून ती करायचा. हातोडी कुठं आहे हे त्यानं एकदाही विचारलं नाही. सरळ गॅरेजमध्ये जायचा, रंगाच्या डब्यांमागे हात घालायचा आणि हातोडी घेऊन यायचा. ती तिथं असते हे लांगीलाही ठाऊक नव्हतं. फिलिपो तर जेवताना त्याच्यासमोर बसायचं टाळू लागला. दाढी करताना पोरगा थेट म्हाताऱ्यासारखी शीळ घालायचा ती ऐकून त्यानं स्वतः दाढी करणंच सोडून दिलं.

बातमी चर्चमध्ये गेली आणि फुगून परत आली. म्हातारा पेसामिनो परत आलाय, तोही तरुण होऊन. रविवारी माणसं पाणीपोपो, म्हणजे नारळाच्या दुधातले गोड पाव, आणि शिजवलेल्या मटणाची भांडी घेऊन बघायला आली. दारातून डोकावायची, भांडं ठेवायची आणि मागे न बघता जायची. लांगी प्रत्येकाला सांगे की हा माझा भाचा. लोक म्हणत, हो हो, भाचाच, आणि छातीवर क्रूस काढत.

म्हाताऱ्याचा जुना दोस्त फाआलोगो मात्र काठी टेकत आत आला आणि त्या खुर्चीसमोर बसला. त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"तिकडे कसं आहे रे?"

पेसामिनोला वाटलं, गावाची चौकशी चाललीय.

"शांत आहे," तो म्हणाला. "वारा छान असतो. कुणाला फारसं काम नसतं. सगळे तुमची आठवण काढतात. कधी येताय म्हणून विचारत होते."

फाआलोगो पांढराफटक पडला. इतक्यात येणं जमणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, असा निरोप कसाबसा देऊन तो काठी तिथंच विसरून निघून गेला.

मुलाखतीच्या सकाळी माकेरिता पांढरा झगा आणि चर्चची टोपी घालून आधीच गाडीत बसली होती. नवरा कामावर चाललाय, तर सोडायला मी जाणार, असं तिचं म्हणणं. वाद घालत बसलं तर उशीर झाला असता. लांगीनं गाडी काढली.

वखारीचा मालक डग हा माणूस म्हाताऱ्याच्या शवपेटीला खांदा देऊन आलेला. त्यानं दारात पेसामिनोला पाहिलं आणि धरलेला कप टेबलाऐवजी हवेत ठेवला. चहा सगळा बुटांवर सांडला. थोडं सावरल्यावर त्यानं विचारलं, लाकडाच्या कामाचा अनुभव आहे का?

"जन्म गेला यांचा इथं," माकेरिता म्हणाली. "आणि यांनाच विचारताय?"

डगनं पेसामिनोकडे पाहिलं. पेसामिनोनं आजीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

मुलाखतीत एक खोटा शब्द निघाला तर पोराला परतीच्या विमानात बसवतील, आणि त्याच्या मागून लांगीचं नावही जाईल. ती तोंड उघडणार एवढ्यात पेसामिनो हळूच म्हणाला, "मागचं हिरवं मशीन अजून आहे का? ते कुणाचं ऐकत नाही ना?"

डग उठला आणि त्यांना शेडमध्ये घेऊन गेला. हिरवं करवतीचं मशीन शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली होतं. म्हातारा गेल्यापासून ते चालूच झालं नव्हतं. दोन मेकॅनिक येऊन हात टेकून गेले होते. डगनं ताडपत्री काढली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पेसामिनो पुढे गेला. त्यानं हात पुढे नेला, आणि करवत घरघरत, धूळ झटकत फिरू लागली. कामगारांनी टोप्या काढल्या.

"तू तोच आहेस का?" डगनं विचारलं, अगदी हळू.

आता मात्र लांगीला राहवलं नाही. हा माझ्या चुलतभावाचा मुलगा, इथं याआधी पाऊलही टाकलेलं नाही, अनुभव शून्य, माझी आई म्हातारी झालीय, असं सगळं तिनं एका दमात ओकून टाकलं. मग याला कसं ठाऊक, असं डगनं विचारलं. पेसामिनो मान खाली घालून म्हणाला, "आजोबा दर रविवारी फोन करायचे. बाकीचे दोन शब्द बोलून उठायचे, मी बसून राहायचो. घराचं दार, हातोडी, हे मशीन, सगळं सांगायचे. म्हणायचे, तू येशील तेव्हा मी असेन-नसेन, तुला परकं वाटायला नको."

लांगीला आता उलगडलं. रविवारी जेवण झालं की वडील एकटेच गाडीत जाऊन बसायचे. डुलकी काढत असतील म्हणून ती काच ठोठावायचीसुद्धा नाही. घरात तर ते मीठसुद्धा बोटानं मागायचे.

डगनं नाक पुसलं आणि सांगितलं की खरं बोललात ते बरं केलंत, पोराला सोमवारी पाठवा.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तशी लांगीनं धीर करून विषय काढला. आई, हे बाबा नाहीत, हा आपला नातू आहे.

"मला काय वेड लागलंय?" माकेरिता मागून म्हणाली. "नातू म्हटलं की लाड करावे लागतात. नवरा म्हटलं की कामं सांगता येतात. पन्हाळी झाली की नाही?"

लांगीला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी ती मोकळी हसली. शेजारी बसलेला पेसामिनो मात्र हसला नाही. तो आपल्या तळहाताकडे बघत होता.

"आत्या, एक सांगू? ते मशीन कसं सुरू करायचं हे आजोबांनी कधी सांगितलंच नव्हतं. मी नुसता हात पुढे नेला. लावलासुद्धा नव्हता."

मग माकेरितानं टोपी सारखी केली आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड वळवलं.

"अहो, पोरगं घाबरलं ना," ती म्हणाली. "जरा बेतानं करायचं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. लांगीनं हात मागे नेला आणि त्या सीटवर टाकलेली आपली पर्स उचलून पुढे घेतली. जागा अडवून ठेवायला नको.