हमदामच्या नावाचं रक्त

कोकंद शहरातल्या हमदामने डॉक्टरीणबाईंच्या धाकाने आठ महिन्यांत एकवीस किलो वजन उतरवलं आणि पुढच्या चार महिन्यांत तेवीस किलो चढवलं. लग्नाकार्यात पुलावाच्या कढया उतरवणारा माणूस. चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार, हे त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षी त्याच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. वजन उतरल्यावर रक्तातले गोठवणारे घटक चांगलेच खाली आले. जुल्फिजार डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की वजन परत आलं तर तेही परत येतील. आता वर्षाची तपासणी आली आणि हमदामला घाम फुटला.

त्याने मेव्हण्याला गाठलं. सोबीर म्हणजे नुसती काडी. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा.

"माझ्या नावावर हात पुढे करायचा, बस."

"दाजी, सुई दुखते हो."

पण गेला. तपासणीला बसलेली मुलगी नवीन होती. तिने एकसष्ट किलो असं निमूट लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमदामच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिली. डॉक्टरीणबाई स्ट्रेचर घेऊन धावत आल्या. कागदावर माणूस निम्मा झाला होता आणि रक्त पहिल्यापेक्षाही घट्ट. आता काही तो हाती लागत नाही, असंच त्यांना वाटलं होतं. दार उघडलं, तर हमदाम चौकट भरून उभा, हातात मेंढीचं हाडूक.

हमदामने मान खाली घालून सगळं कबूल केलं. तो शिव्यांची वाट पाहत होता. बाईंचा चेहरा मात्र आणखीच उतरला.

"मग ज्याचं रक्त आहे, तो कुठाय?"

सोबीर आत पाय चोळत पडला होता. "सुई टोचली हातात आणि दुखतंय पोटरीत," तो कुरकुरला.

बाईंनी त्याची सुजलेली पोटरी पाहिली आणि त्याला तसाच उचलायला लावलं. हमदामलाही शेजारी बसवलं.

गुठळी वेळेवर सापडली, सोबीर वाचला. हमदामचं खरं रक्त तपासलं, तर बाईंचा शब्द खरा ठरला होता. दोघांच्या खाटा शेजारी शेजारी लागल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी सोबीरच्या कागदावर लिहिलं: सिगारेट कायमची बंद, अशक्तपणा फार, सहा किलो वजन वाढवणे.

सोबीरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. हमदाम उकडलेला भोपळा चिवडायचा थांबला.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.