सुकलाल आप्पांची छाननी

आमच्या शेजारचे सुकलाल आप्पा ऑनलाइन ठगांना उत्तरं पाठवतात. तुम्ही-आम्ही काय करतो? 'घरबसल्या मोबाइलवर कमवा' असा मेसेज आला की एक तर पुसून टाकतो, नाहीतर भुलतो. आप्पा यातलं काहीच करत नाहीत. ते चष्मा पुसतात, अंगणातल्या खुर्चीत ताठ बसतात आणि एका बोटानं टाइप करतात, 'महोदय, आपला प्रस्ताव प्राप्त झाला. छाननीअंती त्यात खालीलप्रमाणे त्रुटी आढळून आल्याने तो पूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे.'

आणि खाली त्रुटी. रहिवासी दाखला जोडलेला नाही. कंपनीचा पत्ता पिनकोडसह नाही. अर्जदाराच्या मामाचे गाव नमूद नाही. कागदपत्रे दोन प्रतींत सादर करावीत. यातलं मामाचं गाव कुठल्याच सरकारी नियमात नाही बरं का, तो आप्पांचा खास नियम. त्यांचं म्हणणं, माणूस बापाचं नाव खोटं सांगेल, पण मामाचं गाव अचानक विचारलं की गडबडतो.

आप्पांची सगळी नोकरी तळोद्यात एका कचेरीत कारकुनीत गेली. डोंगरातून आलेल्या माणसांचे अर्ज तपासायचे. त्रुटी काढायचे, पण अर्ज कधी अडवला नाही. त्रुटी सांगायची आणि स्वतःच टेबलावरून उठून ती दुरुस्त करून द्यायची, अशी त्यांची रीत. निवृत्त झाले, पण हाताची खाज जाईना. तपासायला कुणाचा अर्जच नाही! मग मोबाइल आला, आणि मोबाइलमध्ये पैसे कमवून देणाऱ्या साइटी आल्या. आप्पांचं टेबल पुन्हा भरलं.

मी मंगल. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं शिलाईचं दुकान आहे. पाय मशीनवर असतात, कान आप्पांच्या अंगणात. माझं तोंड फटकळ आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. गल्लीतली माणसं मला टरकून असतात, तेवढे एक आप्पा सोडून.

गल्लीत कुणाला कमाईची साइट सापडली की आधी आप्पांकडे छाननी. परवा कोपऱ्यावरचा सलूनवाला धावत आला. कुठल्याशा साइटवर मोठा घड्याळाचा आकडा पळत होता, तासाभरात संधी संपणार म्हणे. त्याला घाम फुटलेला. आप्पा म्हणाले, "बस. चहा पी." तासभर दोघं त्या आकड्याकडे बघत बसले. आकडा शून्यावर आला आणि पुन्हा पहिल्यापासून पळायला लागला. "जी मुदत सरस आनि परत सुरू व्हस, ती मुदत नही," आप्पा म्हणाले, "त्रुटी शे!" सलूनवाल्याची कात्री तेव्हापासून आप्पांवर फुकट चालते.

त्यांचा हुकमी एक्का वेगळाच. कुठलीही साइट म्हणते ना, आधी नोंदणीची फी भरा, मग काम देऊ? आप्पा अत्यंत नम्रपणे लिहितात, 'सदर फी आमच्या प्रथम कमाईतून परस्पर वळती करून घेण्यास आमची हरकत नाही.' आजवर एकाही साइटला हे परवडलेलं नाही. लगेच चिडतात. एकानं तर हिंदीतून आप्पांचा उद्धार केला. आप्पांनी कळवलं, 'आपल्या भाषेची नोंद घेण्यात आली आहे.'

एक ठग मात्र जिद्दीचा निघाला. त्यानं खरोखर सर्टिफिकेट पाठवलं, गोल शिक्का, सही, सगळं. मी म्हटलं, आता आप्पा हरले. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि खुदकन हसले. "शिक्का पूर्ण उमटेल शे," म्हणाले. "खऱ्या कचेरीना शिक्का अर्धाच उमटस. पॅडले शाई कधी ऱ्हास का?" मी हसून हसून बॉबिनमधला दोरा तोडला.

पण छाननीचा अतिरेक झाला की काय होतं, तेही ऐका. गॅसची टाकी घेऊन आलेल्या पोऱ्यानं ओटीपी मागितला. आप्पांनी दारातच त्याची उलटतपासणी घेतली आणि ओटीपी काही दिला नाही. टाकी परत गेली, आप्पा चिवड्यावर राहिले. शहाद्याच्या साडूंनी पोरीच्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवली. पत्रिकेच्या नावानं फोनमध्ये ठग शिरतात हे आप्पांनी कुठंतरी वाचलेलं. त्यांनी साडूंनाच लिहिलं, 'सदर विवाह होत असल्याबाबत ग्रामपंचायतीचा दाखला सादर करावा.' लग्न आप्पांशिवाय पार पडलं. साडू अजून बोलत नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, जा ना, माफी मागून या." तर म्हणे, "मन्हं काय चुकनं? पत्रिकावर मामानं नाव नव्हतं."

असे हे आप्पा. त्यांची बायको, आमची मावशी, गेल्यापासून घरात एकटे. मुलगा पुण्याला, चांगला आहे बिचारा, रविवारी फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो.

थंडी संपता संपता माझ्या लक्षात आलं की दुपारी आप्पांचा फोन वाजतो आणि आप्पा गालात हसतात. एक दिवस, दोन दिवस मी दम धरला. मग मशीन थांबवली आणि भिंतीवरून विचारलं, "कोन शे हाई?"

"प्रलंबित प्रकरण शे," आप्पा म्हणाले आणि फोन उलटा ठेवला.

मी काय ऐकते! गेले, फोन उचलला. रिया मॅडम. कुठल्याशा साइटची असिस्टंट मॅनेजर, हेड ऑफिस मुंबई, व्हिडिओला लाइक करा आणि कमवा, फक्त आधी डिपॉझिट भरा. फोटोत केस मोकळे सोडलेली गोरीपान बाई. आणि रोज दुपारी एकच मेसेज, 'सर, जेवलात का?' आणि आप्पांचं उत्तर, 'होय.' कधी 'होय, खिचडी.' कधी 'अद्याप नाही.' पहिल्या दिवशीच्या त्रुटी तेवढ्या वर दिसत होत्या, त्यानंतर एकही काढलेली नाही!

माझं डोकं फिरलं. व माय, अख्ख्या गल्लीला शहाणा करणारा माणूस, आणि हाच बुडतोय की काय? पेन्शन, मावशीच्या माघारी राहिलेलं सगळं, एका बोटानं त्या बाईला देऊन बसायचा. "आप्पा, हाई बाई खोटी शे!" मी ओरडले.

"माले मालूम शे," आप्पा शांतपणे म्हणाले. "साइट खोटी, नाव खोटं, फोटो बी कोना नटीना शे. पन हाई पोर रोज इचारस, जेवनात का? त्यामा माले त्रुटी सापडत नही, मंगल."

मी भिंतीपलीकडे रोज बसते, सगळं ऐकते, सगळ्यावर बोलते, आणि हे मला दिसलं नव्हतं. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तरी भीती काही गेली नाही, कारण मायेनं विचारून गळा कापणारेही असतातच की.

मग एका दुपारी आप्पांनी तिला खरं ते लिहिलं, 'भाकरी फाटली व करपली. उपाशी आहे.' तिकडून लगेच आलं, 'सर, पीठ कढत पाण्यात मळा. आमच्याकडे बर्टीची भाकरी असंच करतात, फाटत नाही.'

आप्पा खुर्चीतून उठले ते थेट माझ्या दुकानात. "मंगल, हाई पोर आपली शे व!" बर्टी म्हणजे सातपुड्यात पिकणारं बारीक धान्य. मुंबईच्या हेड ऑफिसात ते कोण कशाला खाईल? आप्पांनी आयुष्यभर डोंगरातल्या माणसांशी व्यवहार केलेला, त्यांना एका शब्दात कळलं. त्यांनी लिहिलं, 'मामाचे गाव?' उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा जेवले नाहीत, आणि विचारणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी धडगावच्या पलीकडच्या एका पाड्याचं नाव आलं, आणि त्यामागून सगळंच आलं.

आश्रमशाळेत बारावी झालेली पोरगी. कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून एका मुकादमानं शहरात नेलं, आणि एका खोलीत हातात चार फोन देऊन बसवलं. लोकांना काय लिहायचं ते ठरलेलं असे. 'जेवलात का' मात्र तिचं स्वतःचं. पगार अजून हातात पडला नव्हता. दाराला कुलूप नव्हतं, पण भाड्याला पैसे नव्हते आणि घरी सांगायची लाज वाटत होती. शेवटी लिहिलं होतं, 'होळीला घरी जायचं आहे. भाड्याला पैसे पाठवाल का? नंबर देते.'

मी टाळीच वाजवली. "हाच तो डाव! आप्पा, हाच!" आधी माया लावायची, मग रडायचं, मग नंबर द्यायचा. हे मला आप्पांनीच शिकवलेलं. आप्पांचा चेहरा उतरला. पैसे पाठवले आणि ती खोटी निघाली, तर या वयात विश्वास टाकलेलं एकुलतं माणूस खोटं निघणार. नाही पाठवले आणि ती खरी असली, तर एक पोर परक्या शहरात अडकून पडणार. त्या दिवशी आप्पांनी कुणाच्याच साइटची छाननी केली नाही.

सकाळी उठून ते जीप स्टँडवर गेले. होळीच्या आधी डोंगरातली माणसं जिथं जिथं मजुरीला गेलेली असतात तिथून गाड्या भरभरून परत येतात. होळी घरचीच, त्यात कुणी तडजोड करत नाही. या गाड्यांची रीत अशी की भाडं चढताना मागत नाहीत, तळोद्यात उतरल्यावर घ्यायचं. जयसिंग गाडीवाल्याची गाडी त्याच शहरात जाणार होती. आप्पांनी पोरीला लिहिलं, 'पैसे मिळणार नाहीत. शुक्रवारी पहाटे मोठ्या पुलाखाली जयसिंगची गाडी थांबेल. त्यात बस. भाडे तळोद्यात मी देईन.'

"दख मंगल," मला म्हणाले, "खऱ्याले गाडी पाहिजे ऱ्हास, खोट्याले पैसा. आते समजी."

उत्तर आलं नाही. संध्याकाळी बघितलं तर रिया मॅडमचं खातंच गायब. 

शुक्रवारी आप्पांनी कचेरीचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला. हातात डबा. भरीत त्यांचं, भाकरी माझी, कारण पहिल्याच दिवशी त्या पोरीला करपलेली भाकरी घालण्यात काय शहाणपण? मीही दुकान बंद करून निघाले. होळीचे ब्लाउज अडकलेल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. मोडू देत.

जयसिंगची गाडी आली. पत्र्याच्या पेट्या उतरल्या, बोचकी उतरली, झोपेतली पोरं उतरली, बाया उतरल्या, पुरुष टपावरून उड्या मारून उतरले. गाडी रिकामी झाली. जयसिंगनं दार लावून घेतलं. आप्पा डबा धरून उभे होते आणि पायातल्या चपलांकडे बघत होते. मी म्हटलं, देवा, आज एकदा आप्पांची छाननी खरी ठरू दे, पुढं ते लाख चुकू देत.

"साहेब," मागून आवाज आला, "त्रुटीवाले साहेब तुम्हीच ना?"

गाडीच्या दुसऱ्या बाजूनं ती केव्हाच उतरली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. सावळी, बारकी, खांद्याला एक पिशवी. त्या फोटोतल्या बाईशी नखाचंही साम्य नाही. मीच पुढं झाले, कारण माझा स्वभाव. "नाव काय तुझं? आधार कार्ड आहे का? मुकादम कोण होता?"

"मंगल, तू गप ऱ्हाय!" आप्पा माझ्यावर खेकसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पहिले जेवू दे तिले."

त्यांनी जयसिंगला भाडं दिलं आणि तिथंच ओट्यावर रुमाल टाकून डबा उघडला. तिला काही विचारलं नाही, नाव नाही, गाव नाही, काही नाही. भरितात मीठ जास्त होतं, मला वासावरूनच कळलं. पोरीनं मान खाली घालून खायला सुरुवात केली, आणि खाता खाता रडायला लागली, आणि रडता रडता आणखी एक भाकरी घेतली. आप्पा समोर पाण्याची बाटली धरून उभे. त्यांच्या घरात माणूस जेवताना बघून किती दिवस झाले असतील, या विचारानं माझेही डोळे भरले.

तेवढ्यात धडगावची जीप गच्च भरली. एक जागा या पोरीसाठी आप्पांनी धरून ठेवलेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग टपावरची माणसं ओरडायला लागली, होळीला घरी पोचायची घाई सगळ्यांनाच. पोरीनं घाईघाईनं हातातला घास खाली ठेवला.

आप्पा जीपच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "थांब रे भो! मन्ही पोर जेवी ऱ्हायनी!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.