भूकंपाचे वाटे

माळकुंभीत भूकंपाच्या नुकसानीचा पंचनामा भूकंपाच्या आठ दिवस आधी होतो. गावावरच्या आयनांबरात इलेक्ट्रॉनांची चलबिचल सुरू झाली, की वरून जाणारा उपग्रह ती मोजतो, येणाऱ्या भूकंपाचा आकडा तलाठी भोइटे यांच्याकडे पोचतो आणि हादऱ्याचे घरटी वाटे पडतात. कागदावर नाही ते भूकंप पाडत नाही. माणसांपेक्षा बराच सरळ आहे तो.

मुख्याध्यापिका कालिंदीबाई शेलार यांना या खेपेस शाळेची इमारत पाडून हवी होती. भिंती फुगलेल्या, आढं वाकलेलं आणि पाडायची परवानगी अकरा वर्षं वाटेतच. आत पोरं बसवताना बाईंचा जीव रोज टांगणीला लागे. त्यात महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या.

"बाई, आकडा चार पूर्णांक एक," भोइटे चष्मा पुसत म्हणाले. "एवढ्यात शाळेचा नुसता गिलावा निघेल. गावानं आपापले वाटे सोडले तरच जमेल. संमतीपत्रं आणा."

बाई भर उन्हात घरोघर फिरल्या. गाव तसं दिलदार. कुणी भांडी खणखणण्याचा वाटा सोडला, कुणी कौलं घसरण्याचा. अडून बसले ते एकटे दगडूबापू मोहिते.

"न्हाय द्यायचा," बापू म्हणाले. "दर भूकंपाला माजं फणस आपसूक खाली येत्यात. या वयात झाडावर कोन चढंल?"

"मी चढते."

"तुमी? अवो, लोक काय म्हनतील!"

"म्हणू देत," म्हणत बाईंनी पदर खोचला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी सात फणस उतरवले. हात चिकाने बरबटले, कोपर खरचटलं. बापूंनी मुकाट्याने अंगठा उठवला, वर एक फणसही दिला.

ठरल्या गुरुवारी पावणेअकराला सगळं गाव मैदानात जमलं. भूकंप वेळेवर आला. कुणाच्या पायाखाली काही हललं नाही, कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. शाळा मात्र पंचनाम्यातल्या क्रमाने, आधी कौलं, मग आढं, मग भिंती, अशी खाली बसली. पोरांनी टाळ्या पिटल्या. भोइटे एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले.

कालिंदीबाई सगळ्यांदेखत रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी चिंचेखाली हजेरी घेतली आणि दैनंदिनीत लिहिलं: "आज शाळा पडली. पट एकेचाळीस, हजर एकेचाळीस."