साई भाजीत साय नाही

ज्या कुणी माझ्या सासऱ्यांना सांगितलं, की तुमचा जावई दर गुरुवारी संध्याकाळी परमिट रूममध्ये जातो, त्याने अर्धवट सांगितलं. अर्धवट माहिती देणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे, असं मी आमच्या ग्राहक जागृती मंडळाच्या सभेत तीनदा सांगितलेलं आहे. (सभेला तीनच माणसं होती. प्रत्येकाला एकेकदा सांगितलं.) जातो हे खरं. मागच्या दाराने जातो हेही खरं. पण हातात स्टीलचा डबा असतो आणि पाच मिनिटांत मी बाहेर पडतो, हे सांगायला काय झालं होतं?

सुरुवात लग्नापासून करावी लागेल. मीनलचं आणि माझं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. बँड, आहेर, पंगत या सगळ्याला माझा तत्त्वतः विरोध. पाहुण्यांना ग्लासभर लिंबू सरबत दिलं आणि स्त्री-पुरुष समानतेवर मी दहा मिनिटं बोललो. माझे सासरे विष्णुपंत सरबताचा ग्लास तसाच ठेवून बदलापूरला निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पोरीच्या लग्नात जेवलो नाही, असा बाप मी पहिलाच असेन." त्यानंतर सहा महिने त्यांनी अंबरनाथला आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. मीनल त्याबद्दल काही बोलायची नाही. फक्त रोज चार पोळ्या जास्त लाटायची आणि सकाळी त्यांचा कुस्करा करायची.

समानतेच्या तत्त्वानुसार गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मीनल कल्याणला बँकेत, मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि गुरुवारी लवकर सुटतो. जो माणूस पोरांना आम्ल आणि अल्क शिकवतो त्याला वरण येणारच, असा माझा समज होता. पहिल्या गुरुवारी कुकरची शिट्टी छतापर्यंत गेली. दुसऱ्या गुरुवारी आम्ही केळी खाल्ली.

तिसऱ्या गुरुवारी मी घरी येताना टेकचंद शेटच्या परमिट रूममध्ये शिरलो. गैरसमज नको. मी चहासुद्धा अर्धा कप पितो. ग्राहकांसाठी तक्रारवही ठेवा, एवढं सांगायला शिरलो होतो.

टेकचंद शेट म्हणजे पांढरी दाढी, पांढरा पायजमा, गल्ल्यावर मांडी घालून बसायची पद्धत आणि समोरच्या प्रत्येकाला आदराने 'साईं' म्हणायची सिंधी सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून कोरी वही काढली आणि म्हणाले, "लो साईं, आपणच पहिला लिवा. पण आधी खा. भूखे पेट की कम्प्लेंट में अक्षर बिगडता है."

भगवान नावाचा वेटर होता. त्याने माझ्यासमोर भात आणि हिरवीगार काहीतरी भाजी आणून ठेवली. ती मी खाल्ली. मग आणखी खाल्ली. मग मेनूवर तिचं नाव वाचलं, तत्त्वाला जागून वही उघडली आणि तक्रारी लिहिल्या. शेटनी प्रत्येकीखाली तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. ते पान अजून आहे.

"तक्रार : टेबल क्रमांक चार हलते."

"जवाब : टेबल नहीं, गिऱ्हाईक हलता है."

"तक्रार : वेटर तिसरा पेग मागितला तर आधी 'जेवलात का' असे विचारतो. हा ग्राहकाच्या खाजगी आयुष्यात हस्तक्षेप आहे."

"जवाब : हाँ, है."

"तक्रार : साई भाजी या पदार्थात साय अजिबात नाही. ही सरळसरळ फसवणूक आहे. कायदेशीर कारवाई का करू नये?"

या तिसऱ्या तक्रारीला मात्र उत्तर लिहायच्या आधी शेट इतके हसले, की भगवानने त्यांना पाणी आणून दिलं. "अरे साईं, सिंधीत साई म्हणजे हिरवी! पालक, चुका, चणा डाळ. घोटायची. माझी आई बोलायची, पीनेवाले के पेट में कुछ हरा भी जाना चाहिए. म्हणून ठेवली मेनूवर."

मी ओशाळलो. माझा चेहरा बघून त्यांनी भाजीचा एक डबा भरून दिला. संध्याकाळी मीनल आली, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"तू केलीस?"

"हं," मी म्हणालो.

(हा होकार नव्हता, हुंकार होता. कायद्यात हुंकाराला साक्ष धरत नाहीत, असं मी स्वतःला पुढे पाच महिने सांगत होतो.)

पाच महिने! दर गुरुवारी चार वाजता मी मागच्या दाराने आत. जवळच्याच मोरिवली गावच्या द्रौपदीबाई तिथल्या स्वयंपाकीण. शेटच्या आईच्या हाताखाली शिकलेल्या. त्या डबा भरायच्या आणि मी तो घरच्या पातेल्यात ओतून, पातेल्याला बाहेरून थोडी काजळी लागेल इतपत गॅसवर ठेवायचो. मीनलने फोनवर आईला सांगितलं, की श्रीपाद दर गुरुवारी साई भाजी करतो. आईने विष्णुपंतांना सांगितलं.

आता विष्णुपंत हे साईबाबांचे भक्त. गुरुवारी दिवसभर उपास, संध्याकाळी एकदाच जेवण. जावई रजिस्टरवाला, देव न मानणारा, सरबतावर बोळवण करणारा. पण दर गुरुवारी न चुकता साईंच्या नावाची भाजी रांधतो! त्यांना गहिवरूनच आलं म्हणे. निरोप आला : येत्या गुरुवारी जेवायला येतो.

मीनलने तो निरोप मला चारदा सांगितला. चौथ्या वेळी मात्र रडवेली झाली. "श्रीपाद, अण्णा जेवायला येतायत रे," एवढंच म्हणाली आणि शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हं."

त्या गुरुवारी सकाळी कॉलेजात मी भाषण करून आलो. 'सत्याचे प्रयोग आणि आजचा तरुण' या विषयावर. टाळ्या बऱ्या पडल्या. तीन वाजता मीनलला म्हटलं, तू बदलापूरला जाऊन अण्णांना घेऊन ये, मी स्वयंपाकाला लागतो. ती गेली आणि मी डबा घेऊन निघालो.

शटर खाली होतं. मागच्या दाराला कुलूप होतं. दारावर पाटी होती : 'आज ड्राय डे. मागचा दरवाजापण बंद.'

दोन ऑक्टोबर. ज्या महात्म्यावर मी सकाळी पाऊण तास बोललो होतो, त्याच्या जयंतीला ड्राय डे असतो हे मला दुपारी त्या पाटीने सांगितलं.

"शेट! ओ शेट!"

शेट वरच राहायचे. गॅलरीतून डोकावले. "आज बंद आहे, साईं."

"मला दारू नकोय!"

समोरच्या दुकानातून दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शेट खाली आले. मी अडखळत सगळं सांगितलं : सासरे, पंगत, मीनल, हुंकार. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"किचन उघडता येत नाही, साईं. पंधरा ऑगस्टला मागचं दार उघडं होतं. दारू नव्हती हां! डबे होते. चार-पाच जण आहेत, एकटे राहतात. एक तर म्हातारा आहे, बायको गेली त्याची. त्यांना सुट्टीच्या दिवशी कोण जेवण देणार? पण कोणीतरी दारूबंदी खात्याला चिठ्ठी लिवली, की इथे ड्राय डेला मागच्या दाराने धंदा चालतो. इन्स्पेक्टर आला. तवापासून ड्राय डेला दोन्ही दारं बंद."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाहून परतताना मी लोकांना त्या दाराने आत जाताना पाहिलं होतं. घरी येऊन एका जागरूक नागरिकाने निनावी पत्र लिहिलं होतं. तो नागरिक मी.

"कोणी लिहिली असेल?" मी विचारलं. (हे विचारायला नको होतं.)

शेटनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडून आत गेले आणि तक्रारवही घेऊन बाहेर आले. माझं पान उघडून धरलं. "इन्स्पेक्टरने मला चिठ्ठी दाखवली होती. अक्षर सुंदर आहे, साईं. 'श'ला अशी गाठ या एरियात दुसरा कोणी मारत नाही."

तिथे जमीन सिमेंटची होती, त्यामुळे मला गिळू शकली नाही.

"शेट, मी... चुकलो. ती चिठ्ठी मीच..."

"मला माहीत आहे. दीड महिन्यापासून माहीत आहे. मधल्या गुरुवारी डबा बंद केला का तुझा?"

नव्हता केला. उलट एकदा वर लोणचंही दिलं होतं.

"सासरे किती वाजता?"

"सहा."

शेटनी कुलूप परत लावलं. "माझं किचन बंद आहे. पण तुझं किचन तर ड्राय डेला बंद नसतं ना?"

अर्ध्या तासात त्यांची स्कूटर आमच्या दाराशी उभी राहिली. मागे द्रौपदीबाई, त्यांच्या मांडीवर स्वतःच्या परसातला पालक आणि चुका. आत आल्या आल्या त्यांनी पदर खोचला.

"डाळ कुठं हाय?"

मी तीन डबे उघडले. पोहे, रवा, टाचण्या.

"आन् घोटायला रवी?"

"रवी... असेल."

द्रौपदीबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घर तुमचंच ना, मास्तर?" मग पाच मिनिटांत त्यांना माझ्या घरातलं सगळं सापडलं. मला पालक निवडायला बसवलं. शेट दारात बसून टोमॅटो चिरू लागले. कुकर झाला, भाजी घोटून झाली, लसणाच्या फोडणीचा वास सुटला, आणि साडेपाचलाच जिन्यावर पावलं वाजली.

मीनल आणि विष्णुपंत. विष्णुपंतांच्या कपाळावर गुरुवारचा अंगारा होता आणि त्याखाली आठी. उंबऱ्याबाहेरूनच ते गरजले, "श्रीपादराव! तुम्ही दर गुरुवारी संध्याकाळी कुठे जाता?"

माझ्या हातातली गोळा केलेली देठं खाली पडली. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे, पांढऱ्या कपड्यांतले टेकचंद शेट उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आओ साईं. बैठो साईं."

विष्णुपंत थबकले. गुरुवार, दिवसभराचा उपास आणि समोर हे रूप. आठी निम्मी कमी झाली. त्यांचेही हात आपोआप जोडले गेले.

"आपण?"

"माझी परमिट रूम आहे, साईं. जमाई माझ्याकडेच येतो. भाजी नेतो. आज मी बंद, म्हणून आम्हीच आलो."

झालं. सगळं एका श्वासात बाहेर. मी मीनलकडे पाहिलं. सहा महिन्यांची वाट तिच्या चेहऱ्यावर होती, आणि ती मी माझ्या एका 'हं'पायी मोडली होती.

"मीनल, मी सांगणारच होतो. पहिल्या डब्यापासूनच..."

"पहिल्या डब्यालाच कळलं मला," ती म्हणाली. "पालकाची भाजी होते घरात आणि कचऱ्याच्या डब्यात एक देठ नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"भाजी चांगली होती." मग हलक्या आवाजात म्हणाली, "कुणीतरी अण्णांना परमिट रूमचं अर्धवट सांगितलं होतं, बाकीचं येताना मीच सांगितलं. आईला फोनवर थाप मारली, पण खोटं सांगून जेवायला नव्हतं घालायचं मला त्यांना. म्हटलं, चिडले तर वाटेतच चिडतील आणि परत जातील."

"मग गेले का नाहीत?"

विष्णुपंतांनी चपला काढल्या. "निम्म्या वाटेवरून परत निघालोच होतो. ही रस्त्यात उभी राहून रडायला लागली. आणि आता इथे बघतो तर..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. उरलेले टोमॅटो, पदर खोचलेल्या द्रौपदीबाई, दाढीवाले शेट, देठांच्या ढिगात बसलेला जावई. "...लग्नघराचा मुदपाकखानाच की हा. किती पानं मांडायची?"

पाच पानं मांडली. ताटं चारच होती. मी पातेल्याच्या झाकणात जेवलो. मीनल वाढत होती आणि विष्णुपंत मान डोलावत होते. दुसऱ्यांदा भात घेताना म्हणाले, "साईंच्या नावाला साजेशी चव आहे हो."

आता खरं बोलायचं मला व्यसनच जडलं होतं. "अण्णा, वास्तविक सिंधी भाषेत साई या शब्दाचा अर्थ हिरवी असा..."

"श्रीपादराव," विष्णुपंत घास न थांबवता म्हणाले, "सगळंच सांगितलं पाहिजे असं नसतं. भाजी वाढा."

मी भाजी वाढली. शेट दाढीत हसत होते. निघताना विष्णुपंतांनी त्यांना मिठी मारली, द्रौपदीबाईंना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात हिच्या आईलाही आणतो. तीही सरबतावरच राहिलीय."

त्यानंतर मी दोन पत्रं लिहिली. एक खात्याला, की त्या मागच्या दारातून फक्त जेवण जातं. खाली पूर्ण नाव आणि पत्ता. दुसरं तक्रारवहीत, चार ओळींचं. त्यात तक्रार नव्हती. त्याखाली शेटनी जवाब लिहिला नाही, नुसती वही दोनदा डोळ्यांना लावली. मीही लिहिताना एकदा चष्मा पुसला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि ठरवलं, आता खरोखर शिकायचं. पुढच्या गुरुवारी पालक मी निवडला, डाळ मी भिजवली, रवी मी शोधली, घोटलंही मीच. (भिंतीवरचे डाग दिवाळीत रंग देताना जातील.) त्याच स्टीलच्या डब्यात भाजी भरून कृतज्ञतेने मागच्या दाराने आत गेलो. या वेळी डबा भरलेला नेला होता, परत रिकामा आणायचा होता.

"घ्या. माझ्या हातची. पहिली तुम्हाला."

शेटनी एक घास घेतला आणि पंख्याकडे बघत राहिले. भगवानने घास घेतला आणि त्याला अचानक टेबल क्रमांक चार पुसायचं आठवलं. शेवटी द्रौपदीबाईंनी बोटाने चाटून पाहिली, बराच वेळ तोंडात घोळवली, हात पदराला पुसला आणि म्हणाल्या,

"शेट, ती वही कुठं ठेवलीय?"